जुन्नरी कागदाचं वय

संपादकांना जुन्या इटालियन फाउंटन पेनांवर लेख हवा होता. पेनाचं वय काढायला निदान धागादोरा असतो. ‘अरोरा’ कंपनी ट्यूरिनला १९१९ साली निघाली, म्हणजे तिचं नाव कोरलेलं पेन त्याआधीचं नाही. झाकल्या निबचं ‘८८’ असेल तर १९४७ किंवा नंतरचं. मी मात्र जुन्नरच्या कागदात अडकलो. त्यावर कारागिराचं नावच नसतं.

पेशवाईत जुन्नरी कागद दौलताबादीसारखाच गावाच्या नावानं ओळखला जाई. तागाची पोती, जुने दोर चुन्यात मुरवून ढेकीखाली कुटायचे, धुवायचे, लगदा हौदात सोडायचा. वाळलेल्या तावाला खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचं, म्हणजे बोरू अडत नाही, शाई फुटत नाही.

खरी गंमत हौदात बुडणाऱ्या चटईची. गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी बांधलेल्या. ताव उजेडासमोर धरा, काड्यांच्या फिक्या रेषा दिसतात; कुठे जवळ, कुठे किंचित वाकड्या. जलचिन्ह नाही. ती युक्ती तेराव्या शतकातली, इटलीतल्या फाब्रिआनोची. इंग्रजी कागदात तर १७९४ पासून जलचिन्हात साल येऊ लागलं. १७४० ची म्हणवणारी सनद उजेडात १८१० दाखवू लागली, की तो ताव १७४० चा नव्हे, एवढं नक्की.

जुन्नरी ताव असं काही बोलत नाही. मग मजकुरातला शुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं साल, पाहायचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर, हजार, ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. पानिपतचा जानेवारी १७६१ असा निघतो.

पण तारीखही हातानंच लिहिलेली. वतनाच्या तंट्यात जुना कोरा ताव शोधून त्यावर खोटा महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिणाऱ्याला रेषा कशा पकडणार? उलट, खऱ्या कागदाची पुढे नक्कल झाली, तर ताव नवा आणि तारीख जुनी. अशा नकलेला बनावट ठरवणं हा अन्याय. शिवाय कागद करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलली नाही, त्यामुळे रेषांवरून दशक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कागद, शाई, मोडीचं वळण आणि शिक्का एकत्र पाहावे लागतात.

जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गाठोडी, असतील, त्यांनी कृपा करून कागदांचं लॅमिनेशन करू नये. उष्णता आणि प्लास्टिक त्यांना कायमचं बिघडवतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात आधी दाखवावेत.