सूर्यचूल आणि तिचा आरसा

हौसेनें घेतलेली सूर्यचूल चार दिवस गच्चीवर आणि मग कायमची माळ्यावर, असा प्रकार पुष्कळ घरांतून दृष्टीस पडतो. भात कच्चा राहिला म्हणजे दोष उन्हाला देण्यांत येतो. परंतु पुण्याच्या उन्हांत न्यून नाहीं. न्यून बहुधा आरशाच्या कोनांत असतें.

ही विद्या आपल्या प्रांतास नवी नव्हे. मुंबईंत विल्यम अॅडम्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें अष्टकोनी लांकडी चौकटीस आंतून सपाट आरसे बसवून चूल तयार केली आणि सात शिपायांचें जेवण ऐन जानेवारींत दोन तासांत शिजविलें. १८७८ सालीं त्यानें या विषयावर मुंबईसच ग्रंथ प्रसिद्ध केला. महागडें भिंग नको, साधे आरसे योग्य कोनांत बसले कीं काम भागतें, हा त्यांतील बोध.

पेटीच्या चुलीस आरसा घरींच करतां येतो. कांचेएवढाच लांबरुंद जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर स्वयंपाकघरांतील अॅल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू वर ठेवून, खळीनें चिकटवावा. सुरकुती राहूं देऊं नये. सुरकुतीगणिक किरण भलतीकडे जातात. हा पुठ्ठा पेटीच्या मागील कडेस बिजागरीनें जोडावा व पेटीचें तोंड सूर्याकडे करावें.

आतां कोन. किरण ज्या कोनानें आरशावर पडतो त्याच कोनानें परततो, या शाळेंतील नियमावरून हिशेब निघतो. कांच आडवी असल्यास सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत घ्यावी, तिच्या दोन-तृतीयांशांत ६० मिळवावे. येईल तो कांच व आरसा यांमधील कोन. पुण्याचे अक्षांश सुमारें १८.५ असल्यामुळें डिसेंबरअखेर माध्यान्हीं सूर्य ४८ अंशांवरच असतो. तेव्हां आरसा ९२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ उभा हवा. मार्चच्या विषुवदिनीं १०८ अंश, आणि मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर आला म्हणजे १२०. बारा महिने एकाच कोनांत खिळविलेला आरसा बराच उजेड वायां दवडतो, तो यामुळें. ज्यांस गणित नको त्यांनीं परतलेल्या उजेडाची कड पेटीच्या पुढील कडेस भिडते कीं नाहीं, एवढें पाहावें.

पृथ्वी तासास १५ अंश फिरते. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासानें पेटी फिरवावी. भांडीं बाहेरून काळीं व झांकणाचीं असावीं. आरशाकडे टक लावून पाहूं नये. काळा चष्मा वापरावा.

या चुलीवर पोळी किंवा फोडणी होणार नाहीं, आणि पावसाळ्यांत ती बंदच राहील. तथापि स्वच्छ उन्हाच्या दिवसांत दुपारचा वरणभात तिच्यावर होतो, आणि तितका गॅस वांचतो.

मात्र कोन साधला तरी चूल माळ्यावर जाण्याचें दुसरें कारण घरांतच असतें. कचेरीस निघालेल्या सुनेनेंच गच्चीच्या खेपा घालाव्या, अशी अपेक्षा केली तर ती चूल टिकावी कशी? ज्यांस वेळ आहे अशा आम्हां सेवानिवृत्तांनींच हें काम अंगावर घ्यावें. सुटीच्या दिवशीं नातवंडांच्या हातीं कोनमापक देऊन त्यांसही बरोबर न्यावें; वरणाबरोबर भूमितिही शिजेल.