टाकीतील पाणी दाखविणारी दिव्यांची पट्टी

ठिबक सिंचनाच्या टाकीत पाणी किती आहे हे वेळीच कळले नाही, तर दोन प्रकारे हानी होते. टाकी भरून वाहू लागते आणि विहिरीचे पाणी वाया जाते; अथवा टाकी रिकामी होऊन ठिबकाचा पंप कोरडा चालतो व बिघडतो. शेतावरून दूरवरूनही दिसेल अशी दहा एलईडी दिव्यांची पट्टी या कामी उपयोगी पडते.

पाण्याची पातळी मोजणारे उपकरण आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलरला जोडलेले असते. त्याच्या दहा पिनांना दहा दिवे जोडता येतात. परंतु मग प्रत्येक दिव्यास निराळा रेझिस्टर लागतो व इतर कामांस पिना कमी उरतात. एलएम ३९१४ ही आयसी वापरल्यास एकच पिन पुरते.

आर्डुइनोची ९ क्रमांकाची पिन सेकंदास सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते. चालू राहण्याचे प्रमाण ० ते २५५ या अंकांनी ठरविता येते. हे ठोके आयसीला सरळ देऊ नयेत. दिल्यास सर्वच दिवे मंद पेटलेले दिसतात. म्हणून पिन ९ पासून २७ किलोओहमचा रेझिस्टर आयसीच्या पिन ५ पर्यंत जोडावा. तेथून ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे दोन्ही जोडावेत. त्यायोगे ठोक्यांचा स्थिर दाब बनतो.

आयसीच्या पिना २, ४ व ८ ग्राउंडला, पिना ३ व ९ पाच व्होल्टला जोडाव्यात. पिना ६ व ७ एकमेकींस जोडून तेथून ग्राउंडकडे १.२ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. पिन ९ मोकळी ठेवल्यास पट्टीऐवजी एकच दिवा लागतो. प्रत्येक दिव्यातून सुमारे १० ते १२ मिलिअँपिअर प्रवाह जातो. त्यास निराळा रेझिस्टर लागत नाही. दोन्ही उपकरणांचे ग्राउंड एकच असावे.

या जोडणीत दर ०.१२५ व्होल्टला एक दिवा वाढतो. जितके दिवे लावावयाचे, त्या संख्येस २४ ने गुणून १० मिळवावेत व तो अंक प्रोग्रॅममध्ये द्यावा. पाच दिव्यांसाठी १३० व दहांसाठी २५० हे अंक येतात. टाकी रिकामी असता ० द्यावा.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. प्रोग्रॅम मध्येच अडकला तरी पिन शेवटचेच प्रमाण देत राहते. टाकी रिकामी होत असताही पट्टी अर्धी भरलेली दिसते, आणि पाहणारा निर्धास्त राहतो. यास्तव प्रोग्रॅमने दर मिनिटास एक सेकंद सर्व दिवे विझवावेत. दिवे ठरल्या वेळी विझले नाहीत, तर टाकीवर जाऊन पाणी प्रत्यक्ष पाहावे. तसेच पंपाचे कोरडे चालण्यापासूनचे संरक्षण स्वतंत्र असावे; या पट्टीवर ते सोपवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पट्टी बसविण्यापूर्वी टाकी एकदा पूर्ण भरून व एकदा रिती करून दिव्यांची पडताळणी करून घ्यावी, म्हणजे शेतकऱ्यांस तिजवर विसंबता येईल.