संगणकाचे मौन आणि आपली औषधे

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अनेक औषधविक्रेत्यांच्या गल्ल्यावर आज संगणक आहे. बिल, साठा आणि मुदत यांचा हिशेब ठेवणे हे त्याचे मुख्य काम. तथापि दोन औषधे परस्परांस घातक असल्यास तो इशारा देईलच, अशी समजूत रुग्णांप्रमाणे काही वैद्यबंधूंचीही झालेली आम्हांस आढळते.

डोंबिवलीचा एक अपस्माराचा रुग्ण काही काळापूर्वी आमच्याकडे आला. फेनिटॉइन नियमित घेत असूनही वेग पुन्हा येऊ लागले होते. चौकशीअंती कळले की, स्मरणशक्तीसाठी तो शंखपुष्पीचे सिरपही घेत होता. दोन्ही औषधे एकाच दुकानातली, एकाच बिलावरची. संगणकाने मात्र काहीच सुचवले नव्हते. कारण तेच होते असे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. फेनिटॉइन चालू ठेवून सिरप थांबवले व त्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. परंतु हा संयोग अपरिचित नाही. शंखपुष्पीच्या एका सिरपासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे वेग अनियंत्रित झाल्यावर मुंबईच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. वारंवार मात्रा दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटले, असे त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. गुग्गुळाच्या अर्कामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे शोषण कमी होते, हेही १९९४ साली मुंबईच्याच संशोधकांनी दाखवले.

मग संगणक गप्प का? त्याच्याजवळ घटकद्रव्यांच्या जोड्यांची सूची असते व तो नावे जुळवतो. आपला कल्प तेथे केवळ नाव, किंमत व बॅच क्रमांक म्हणून नोंदलेला असतो. महायोगराज गुग्गुळात गुग्गुळ आहे, त्रिकटू आहे, हे त्याला कोण सांगणार? शिवाय ठाण्यात कचेरीजवळ घेतलेली गोळी कल्याणच्या दुकानातील संगणकास दिसत नाही. आणि आपण स्वतः बांधून दिलेली पुडी तर कोठेच दिसत नाही.

केवळ आधुनिक औषधांपुरते पाहिले तरी भरवसा पूर्ण नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील ६४ औषधालयांच्या प्रणाली तपासल्या असता अवघ्या १८ ठिकाणी सर्व उत्तरे बरोबर आली, असे २०११ च्या अहवालात आहे. उलटपक्षी, इशारे फार झाले की विक्रेता ते न वाचताच पुढे जातो. गर्दीच्या वेळी स्टेशनजवळच्या दुकानात उभे राहिलेल्यास हे वेगळे सांगावयास नको.

संयोगविरुद्ध ही संकल्पना चरकसंहितेत असताना आपण ती आहारापुरतीच का वापरावी? आम्ही आता प्रत्येक रुग्णास चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन येण्यास सांगतो. फेनिटॉइन, वॉरफॅरिन, डिगॉक्सिन अथवा हृदयरोगाची औषधे दिसली की गुग्गुळ, पिप्पली, यष्टिमधु देण्यापूर्वी थांबतो, आणि पुडीतील द्रव्ये चिठ्ठीवर स्पष्ट मराठीत लिहून देतो. ती चिठ्ठी रुग्णाने विक्रेत्यास व आपल्या डॉक्टरांस दाखवावी, असा आमचा आग्रह असतो.