चार पेट्या, एक जोडी

सकाळी ८
शटर वर केलं की पहिलं काम ब्लोअर. हंगामात जिनिंगची बारीक रुई पांढरकवड्यात सगळीकडे उडते आणि ॲम्प्लिफायरच्या जाळीत जाऊन बसते.

सकाळी ९.३०
निवृत्त गुरुजी ऑटोतून स्पीकरच्या चार पेट्या घेऊन उतरले. एकाच कंपनीचं एकच मॉडेल, पण एक जोडी आधीची, एक नंतरची. नागपूरच्या व्यापाऱ्यानं दोन्ही बघायला दिल्यात. "भाऊ, पैसे एकाच जोडीचे हायेत. जुनी वाली ठेवू का?"

जुन्याची ओढ मला कळते. बीबीसीसाठी घडवलेल्या एलएस ३/५ए या छोट्या स्पीकरचंही तेच आहे. आधी तो १५ ओहमचा होता, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ११ ओहमचा झाला, आणि शौकीन आजही १५च्या मागे असतात. पण पेटी उघडल्याशिवाय मी कुणाला सल्ला देत नाही.

सकाळी १०.३०
आधीच्या जोडीचा वूफर काढला. मागे उंच, अरुंद मॅग्नेट, म्हणजे अल्निको. त्यात कोबाल्ट लागतं. १९७८ साली झाईरमधल्या लढाईनं कोबाल्ट महागलं आणि बऱ्याच कंपन्या फेराइटवर गेल्या. नंतरच्या जोडीत ते रुंद, चपटं फेराइट आहे. अल्निको नावानं विकलं जातं हे खरं, पण नीट बनवलेलं फेराइट त्याच्यापुढे कमी पडतं असं माझे कान सांगत नाहीत.

मॅग्नेटपेक्षा कोनची कड महत्त्वाची. आधीच्या जोडीला कापडी कड आहे, ती अजून लवचीक. नंतरच्या जोडीला फोम. बोट टेकवलं तर काळा भुगा हाताला लागला. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फोम फार वर्षं टिकत नाही. गुरुजींचा चेहरा पडला. "मंग जुनीच, नाही का?" म्हटलं, गुरुजी, थांबा जरा.

दुपारी १२
आधीच्या जोडीला मीटर लावला. ती पंधरा ओहमची, आणि पंधरा ओहमची कॉईल मीटरवर साधारण अकराच्या आसपास दिसते. डावा वूफर अकरा. उजवा सहा! आत पाहिलं तर कॉईल कुणीतरी पुन्हा भरलेली, आठ ओहमच्या हिशेबानं. मॅग्नेट तेच, पेटी तीच, पण या दोघांची जोडी राहिलेली नाही. एका बाजूला आवाज जास्त, शिवाय क्रॉसओव्हरचा, म्हणजे खर्ज आणि तार वेगळे करणाऱ्या सर्किटचा, हिशेब चुकलेला, कारण त्यातला कंडेन्सर आणि कॉईल मूळ ओहम धरूनच ठरवलेले असतात.

नंतरची जोडी आठ ओहमची, दोन्हीकडे सव्वासहा. दीड व्होल्टचा सेल लावला, प्लसला प्लस, तर दोन्ही कोन बाहेर आले, म्हणजे दोघांची दिशा एकच. एका पेटीच्या हवेच्या भोकात मात्र कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. हे इकडे नेहमीचंच.

दुपारी २
जेवण, आणि लग्नसराईच्या भोंग्यांची दुरुस्ती.

दुपारी ४
नंतरच्या जोडीला नव्या फोमच्या कडा चिकटवल्या. मधली टोपी काढून कॉईलभोवती पातळ पट्ट्या खोचल्या, म्हणजे गोंद सुकेपर्यंत ती मधोमध राहते. घाई केली की कॉईल घासते आणि खर्जात खरखर येते. क्रॉसओव्हरमधले सुकलेले कंडेन्सर बदलले, दोन्हीकडे सारख्याच क्षमतेचे.

रात्री ८.३०
रस्ता शांत झाल्यावर दोन्ही जोड्या आळीपाळीनं मोनोत लावल्या. नंतरच्या जोडीत गाणारीचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधून आला, तानपुऱ्याची जवारी मागे स्वच्छ. आधीच्या जोडीत तीच बाई उजव्या पेटीत जाऊन बसली. गुरुजींनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि फेराइटवाली उचलली. माझाही कौल तोच होता.

तुम्ही जुने स्पीकर घ्यायला निघालात तर मीटर आणि एक सेल खिशात ठेवा. वर्ष आणि मॅग्नेट नंतर विचारा. डाव्या-उजव्याचे आकडे जुळत नसतील तर पैसे काढू नका. कडा काय, त्या बदलून मिळतात.