कागदावरचा ‘सिंगल’!

*नवरा अमेरिकेत शिकतोय, बायको चाकणला नोकरी करतेय. मग टॅक्स कुणी, कुठे आणि कुणाच्या नावाने भरायचा?*

एप्रिल २०२५ मधली शनिवारची दुपार. निगडी प्राधिकरणात मावसबहिणीकडे गप्पा मारायला गेले होते. ताईने डायनिंग टेबलवर फायली पसरल्या होत्या. लग्नाचा दाखला, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पासपोर्टच्या झेरॉक्स. मे महिन्यात भावजींचं एमएसचं कॉन्व्होकेशन होतं आणि त्यासाठी दहा दिवसांनी मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये तिचा व्हिसा इंटरव्ह्यू होता. असू द्यावेत जवळ, म्हणून भावजींनी तिकडचे टॅक्सचे कागदही मेल केले होते.

ताईने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “हे वाच.”

वर भावजींचं नाव, पत्ता. त्याखाली चौकोनांची एक रांग आणि त्यातल्या एकात फुली. ‘सिंगल’.

“सहा वर्षं झाली लग्नाला,” ताई म्हणाली. “हप्ता मी भरते आणि हा तिकडे सरकारदरबारी सिंगल!”

व्हिडिओ कॉल लागला. भावजी झोपेतून उठलेले. “अगं, सॉफ्टवेअरने विचारलं, बायको सोबत राहते का? मी नाही म्हटलं. पुढचं त्यानेच भरलं.”

मी आधी हसले. मग लक्षात आलं, की हातात लग्नाचा दाखला आणि फायलीत ‘सिंगल’ लिहिलेला सरकारी कागद घेऊन ताई व्हिसा अधिकाऱ्यासमोर उभी राहणार आहे. हसू तिथेच थांबलं.

आमच्या पट्ट्यात ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. भोसरी-चाकणच्या एखाद्या कंपनीत चार-पाच वर्षं डिझाइन नाहीतर क्वालिटीत काढायची, मग अमेरिकेत एमएस किंवा जर्मनीत मास्टर्स. दोघांपैकी एक जण जातो. दुसरा सकाळी सातची कंपनीची बस पकडत राहतो, कारण घराचं आणि शिक्षणाचं, दोन्ही कर्जं त्याच्या पगारावर उभी असतात. जीआरई, व्हिसा, प्रेशर कुकर, सगळ्याची तयारी होते. टॅक्सची मात्र होत नाही. “कमावतोय कुठे, शिकतोय तर!” हे त्यामागचं लाडकं लॉजिक.

फॉर्म चुकला, डॉलर आले

भावजींची चूक एका चौकोनापुरती नव्हती. फॉर्मच चुकला होता. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं अमेरिकेच्या टॅक्सपुरता ‘नॉन-रेसिडेंट’ असतो. ऑगस्टमध्ये उतरलात तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. भावजी २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले, म्हणजे २०२७ पर्यंत ते विद्यार्थी राहिले तर नॉन-रेसिडेंटच. अशा माणसाचा फॉर्म १०४०-एनआर. त्यांनी मित्राच्या सांगण्यावरून एका लोकप्रिय सॉफ्टवेअरवर साधा १०४० भरला. तो अमेरिकन नागरिकांचा आणि तिथल्या रेसिडेंट लोकांचा.

त्या सॉफ्टवेअरने एज्युकेशन क्रेडिट देऊन टाकलं. नॉन-रेसिडेंटला ते मिळत नाही. २०२४ मध्ये कॅम्पसवरचं काम आणि समर इंटर्नशिप मिळून त्यांची कमाई २२,००० डॉलर. त्यातून १४,६०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, की उरतात ७,४०० आणि त्यावर दहा टक्क्यांनी ७४० डॉलर फेडरल टॅक्स. क्रेडिटमुळे तो शून्य झाला आणि कापलेले सगळे पैसे परत आले. भावजींनी त्यातून नवा मॉनिटर घेतला होता.

गंमत म्हणजे ते १४,६०० डॉलरचं डिडक्शन त्यांना योग्य फॉर्मवरही मिळालंच असतं. नॉन-रेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन नसतं. पण भारत आणि अमेरिकेत १९८९ मध्ये झालेल्या करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ते घेता येतं. चिनी रूममेटला त्यांच्या करारानुसार ५,००० डॉलरच्या कमाईवर वेगळी सूट असते. म्हणून रूममेटचा फॉर्म बघून आपला भरणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचण्यासारखं आहे.

आणि तो ‘सिंगल’? लग्न झालेल्या भारतीय विद्यार्थ्याने १०४०-एनआरवर ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’ लिहायचं असतं. बायको पुण्यात असो की शेजारच्या खोलीत. भावजींच्या कमाईवर या दोन चौकोनांनी टॅक्समध्ये एका सेंटचाही फरक पडत नव्हता. पण खाली ‘हे सगळं खरं आहे’ म्हणून सही करायची असते.

जोडीने भरता येतं का?

ताईचा पुढचा प्रश्न अगदी बरोबर होता. “मग दोघांचं एकत्र का नाही भरत?”

भारतात तर ही सोयच नाही. इथे नवरा आणि बायको हे दोन वेगळे करदाते. अमेरिकेत जॉइंट रिटर्न असतं, पण दोघंही नॉन-रेसिडेंट असतील तर ते भरता येत नाही. ताई एफ-२ वर तिकडे राहायला गेली असती, तर तिला नोकरीची परवानगी नसती. एका डॉलरची कमाई नसतानाही फॉर्म ८८४३ मात्र तिच्या नावाने वेगळा द्यावा लागला असता.

चित्र बदलतं ते जोडीदार तिकडे एच-१बी किंवा एल-१ वर नोकरी करत असेल तेव्हा. तिथल्या दिवसांची ठरलेली मोजणी पूर्ण झाली, की तो टॅक्सपुरता रेसिडेंट होतो. मग विद्यार्थी जोडीदारालाही रेसिडेंट मानावं असा पर्याय निवडून दोघं जॉइंट रिटर्न भरू शकतात. डिडक्शन मोठं मिळतं. पण बदल्यात दोघांचंही जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. रावेतच्या फ्लॅटचं भाडं, इथल्या एफडीचं व्याज, सगळं. शिवाय रेसिडेंट झालेल्याच्या अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा रिपोर्ट वेगळा. आधी बेरीज-वजाबाकी, मग सही!

चाकणवाल्यांच्या लाडक्या जर्मनीत गणित निराळं. तिथे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला फॅमिली व्हिसावर नोकरी करता येते आणि दोघं तिथे राहत असतील तर रिटर्न एकत्र भरता येतं. जोडीदार पिंपरीतच असेल, तर साधारणपणे विद्यार्थी एकट्याच्याच टॅक्स क्लासमध्ये. २०२५ साठी १२,०९६ युरोपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर तिथे इन्कम टॅक्स नव्हता. त्यामुळे पार्टटाइम कामातून टॅक्स कापला गेला असेल, तर रिटर्न भरून तो परत मागता येतो आणि त्यासाठी चार वर्षांची मुदत असते. मास्टर्सचा खर्च तोटा म्हणून पुढे ओढून नोकरी लागल्यावरही वापरता येतो. पावत्या जपा.

हप्ता माझा, नाव कुणाचं?

तिकडचं निस्तरताना इकडचंही एक उघडं पडलं. भावजींच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज दर महिन्याला ताईच्या खात्यातून जातं. तिने जुनी कररचना निवडली ती त्याच भरवशावर. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-ई खाली शिक्षणाच्या कर्जाचं पूर्ण व्याज उत्पन्नातून वजा होतं, व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं, रकमेला वरची मर्यादा नाही. जोडीदाराच्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्जही चालतं. नव्या कररचनेत मात्र ही वजावट नाही.

पण कंपनीच्या अकाउंट्सने बँकेचं सर्टिफिकेट परत पाठवलं. त्यावर नावं दोनच होती. कर्जदार भावजी, सहकर्जदार सासरे. मंजुरीच्या वेळी “घरातल्या मोठ्यांचं नाव असू दे” म्हणून टेल्कोतून रिटायर झालेल्या सासऱ्यांनी सही केली होती. वजावट मिळते ती ज्याने कर्ज घेतलंय आणि जो व्याज भरतोय त्याला. ताई भरत होती, पण तिने कर्ज ‘घेतलं’ नव्हतं. भावजींना भारतात उत्पन्न नाही. म्हणजे व्याज भरूनही वजावट कुणालाच नाही.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिकडच्या फॉर्मवर मी नाही, इकडच्या कर्जावर मी नाही. फक्त खात्यातून पैसे जाताना मी आहे.”

यावर मला काही बोलता आलं नाही.

तिच्या सीएकाकांनी आणखी एक गोष्ट आधीच सांभाळली होती म्हणून बरं. ऑगस्टमध्ये शिकायला गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात साधारण साडेचार महिने भारतात असतो. आपण लगेच एनआरआय झालो, असं त्याला वाटतं. फेमापुरतं ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २००३ च्या सर्क्युलरनुसार परदेशी गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो आणि त्याचं बचत खातं एनआरओ करावं लागतं. इन्कम टॅक्सवाले मात्र दिवस मोजतात. १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला. शिकायला जाणाऱ्याचे त्या वर्षी ६० आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरत असतील, तर त्या वर्षापुरता तो रेसिडेंट ठरू शकतो. मग मार्चपर्यंतची डॉलरमधली कमाई आणि तिकडचं बँक खातंही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं.

हे फ्रिजवर चिकटवा

• एफ-१ आणि एफ-२, दोघांचाही फॉर्म ८८४३. कमाई नसली तरी.

• पगार असेल तर १०४०-एनआरची नेहमीची मुदत १५ एप्रिल, फक्त ८८४३ असेल तर १५ जून.

• नॉन-रेसिडेंट विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के सहसा कापायचे नसतात. कापले असतील तर आधी एम्प्लॉयरकडे मागा.

• शैक्षणिक कर्ज मंजूर होण्याआधीच कमावत्या जोडीदाराचं नाव सहकर्जदार म्हणून घाला.

• १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस नाही. आधी कापला असेल तर त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट असतं.

• नवऱ्याने पाठवलेल्या पैशांवर बायकोला टॅक्स नाही. पण त्यांची एफडी केली, तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात.

भावजींनी त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसचं दार ठोठावलं. नॉन-रेसिडेंटसाठीचं वेगळं सॉफ्टवेअर तिथे फुकट होतं. १०४०-एक्ससोबत योग्य फॉर्म जोडून पोस्टाने गेला, ७४० डॉलर परत गेले. ताईने बँकेत स्वतःला सहकर्जदार करून घेण्याचा अर्ज दिला. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, आता कशाला? सगळं नीट चाललंय ना?” ताई म्हणाली, “चालवतेय मीच. म्हणूनच.”

बीकेसीत इंटरव्ह्यू तीन मिनिटं चालला. व्हिसा अधिकाऱ्याने टॅक्सचा कागद मागितलाच नाही. ताईने तो तरीही जपून परत आणला. दुरुस्त केलेला. फुली बरोबर चौकोनात असलेला.

“फ्रेम करू का?” मी विचारलं.

“आधी कर्जावर नाव येऊ दे,” ती म्हणाली. “मग दोन्ही शेजारी लावू.”