आरजीपी लेन्स बसविल्यानंतरची पाठपुरावा तपासणी : गरज व स्वरूप

प्रस्तावना : सुलतान बाजार हा हैदराबादेतील मराठी भाषिकांच्या परिचयाचा, सतत वर्दळीचा भाग आहे. याच शहरात बंजारा हिल्स येथे १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था कार्यरत आहे. मोठ्या शहरात लेन्स बसवून घेणे तुलनेने सोपे असते. परंतु नीट दिसू लागले की पुढील तपासणी टाळण्याकडे कल असतो. ती का टाळू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेन्सचे कार्य : आरजीपी म्हणजे प्राणवायू आरपार जाऊ देणारी कठीण कॉन्टॅक्ट लेन्स होय. तिचा व्यास साधारणतः ९ ते १० मिलिमीटर असतो. ती अश्रूंच्या थरावर तरंगते आणि पापणी लवताच किंचित सरकते, त्यामुळे तिच्याखालील अश्रू बदलतात. केराटोकोनस या विकारात पारपटल, म्हणजेच कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. चष्म्याने स्पष्ट न दिसणाऱ्या अशा रुग्णास ही लेन्स उपयुक्त ठरते. मात्र ती विकार थांबवीत नाही. शंकू वाढल्यास पूर्वी योग्य बसलेली लेन्स त्याच्या टोकावर घासू लागते. सवयीमुळे वेदना जाणवतेच असे नाही; मात्र व्रण राहून दृष्टी कायमची मंद होऊ शकते.

तपासणीचे स्वरूप : सामान्यतः एक आठवडा, एक महिना व तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करतात. लेन्स दोन-चार तास आधी घालूनच जावे. फ्लुओरेसीन हा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहिले असता अश्रू साचलेली जागा हिरवी व लेन्स टेकलेली जागा काळसर दिसते. त्यानंतर लेन्स काढून पारपटल, पापणीची आतील बाजू आणि लेन्सवरील ओरखडे तपासतात.

दैनंदिन दक्षता : गर्दीच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाताना धूळ अडविणारा चष्मा वापरावा. कण शिरल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ, कोरड्या हातांनी लेन्स काढून तिच्या द्रावणाने धुवावी. नळाचे पाणी किंवा लाळ लावू नये. पाण्यातील अकँथामिबा या जीवामुळे गंभीर संसर्ग होऊ शकतो. लाली, वेदना, अंधुकपणा किंवा प्रकाश सहन न होणे यांपैकी काहीही आढळल्यास लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

निष्कर्ष : त्रास नसणे म्हणजे लेन्स योग्य बसली आहे असे नव्हे. ठरलेल्या दिवशी तपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे.