पोथीची काळी शाई

नरखेडच्या पश्चिमेला, वर्धा नदीपलीकडे मोर्शी तालुक्यात महानुभाव पंथाचे रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' हा ग्रंथ तिथेच सिद्ध केला. अशा हस्तलिखित पोथ्यांची काळी शाई आपल्याकडे तेलाच्या दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी एकत्र घोटून करत. काजळ म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. डिंक ते पाण्यात तरंगते ठेवतो आणि कागदाला चिकटवतो. कार्बन उजेडाने विटत नाही, म्हणून अक्षर शतकानुशतके काळेभोर राहते.

जपानी 'सुमी' शाईतही तेलाचे किंवा पाइनचे काजळच असते. मात्र डिंकाऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस आणि थोडे सुगंधी द्रव्य घालतात. तिची वाळवलेली वडी दगडावर पाण्यात उगाळतात.

आपल्या पोथ्यांच्या शाईतला डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून घरात जुनी पोथी असेल तर ती ओलाव्यापासून जपा.